‘हाव’ म्हणायची मनाई

आमच्या ट्रेनिंग मॅडमचं एका शब्दाशी उभं वैर होतं. तो शब्द म्हणजे ‘हाव’. आमच्या नागपुरात ‘हो’ला ‘हाव’ म्हणतात आणि उठता-बसता म्हणतात. मॅडमसमोर कुणी ‘हाव’ म्हटलं की त्यांची मान तिरकी व्हायची, चष्मा नाकावर खाली यायचा आणि मागोमाग प्रश्न यायचा, “हाव म्हणजे काय? नीट सांग.”

त्यामुळे त्यांच्याशी साधं बोलणंही जिकिरीचं होतं. “मॅडम, जेवण झालं का?” असं विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. “काय जेवल्या, असं विचार,” म्हणायच्या. मग आपण निमूटपणे तसं विचारायचं आणि त्या खुशीत येऊन वांग्याच्या भाजीपासून ताकापर्यंत सगळं सांगायच्या. ऑटोवाल्याला त्या कधी “बर्डीवर चलता का?” असं विचारत नसत. “कुठं चालला गा भाऊ?” असं विचारायच्या. तो बिचारा गिऱ्हाईक मिळालं म्हणून म्हणायचा, “तुम्ही म्हणसान तिकडं.” त्यावर मॅडम तो ऑटो सोडून द्यायच्या. “जो कुठंबी जायले तयार आहे, तो कुठंबी नेऊन सोडन,” हे त्यावरचं स्पष्टीकरण. मेथी ताजी आहे का, असं न विचारता केव्हा तोडली, असं विचारायच्या. भाजीवाली धडधडीत खोटं बोलते हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाल्या, “खोटं बोलायले बी तिले विचार करावा लागला नं? हाव म्हणायले विचार लागत नाई.”

मी तेव्हा एका ट्रस्टच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. मॅडम तिथेच, माझ्याहून बऱ्याच सीनियर. उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये गेली होती. मग कुणाच्या तरी मनात आलं आणि रुग्णांची सुरक्षा कशी राखायची याच्या ट्रेनिंगला त्यांना दिल्लीला पाठवलं. दिल्लीहून लोक स्वेटर आणतात. मॅडमनी हे खूळ आणलं आणि ते अंगावरून कधी काढलंच नाही.

ट्रेनिंगसाठी त्यांना कॅन्टीनला लागून असलेली, पूर्वी चादरी ठेवायची खोली मिळाली. तिथे सांबाराचा वास कायम. शिकवायला एक रबरी पुतळा होता, त्याचा एक हात कुठल्यातरी बॅचनं उपटला होता. मॅडम त्याला ‘जावईबापू’ म्हणायच्या, कारण तो नुसता पडून राहतो आणि सगळ्यांकडून सेवा करून घेतो. क्लास भर दुपारी, सकाळपाळी संपता संपता आणि दुपारपाळी यायच्या वेळी. डबा पोटात गेलेला, डोळे मिटायला लागलेले. मॅडम रागवत नसत. “झोपा, पण घोरू नका. जावईबापू उठतीन,” एवढंच म्हणायच्या आणि शिकवत राहायच्या.

सिस्टर, ब्रदर, आयाबाई, वॉर्डबॉय, सगळे एकाच क्लासला बसायचे. एकदा एक डॉक्टर म्हणाले, आमचा क्लास वेगळा घ्या. मॅडम म्हणाल्या, “पेशंट एकच आहे नं साहेब? मंग क्लास दोन कायले?” ते डॉक्टर नंतर आले नाहीत, पण त्यांचे ज्युनियर यायला लागले. मॅडमला तेवढं पुरलं.

हात धुण्याचा धडा मात्र कुणीही जन्मात विसरलं नसेल. मॅडमचं माहेर भिवापूरचं. तिथली मिरची खाणाऱ्याला दोन्ही वेळा आठवते, असं त्याच सांगायच्या. घरून त्या मिरचीचं तिखट आणायचं, प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर घालून चोळायला लावायचं, मग म्हणायचं, रोज धुता तसे हात धुऊन या. आम्ही ऐटीत धुऊन यायचो. मग फर्मान निघायचं, “आता प्रत्येक बोट ओठाले लावा. डोळ्याले नाई. मी सिस्टर आहे, कसाई नाई.” अंगठा लावला की खोलीत हाय हाय सुरू व्हायची. अंगठा आणि नखांच्या कडा कुणीच धूत नाही, हे आम्हाला नर्सिंग कॉलेजात अनेकदा शिकवलं होतं. कळलं मात्र ओठ सुजल्यावर.

त्यांच्या टेबलावर संत्रा बर्फीचा डबा असायचा. ती बर्फी वाढदिवसाला मिळत नसे, पास झाल्यावरही नाही. ज्याच्या हातून चूक झाली किंवा होता होता राहिली, आणि ज्यानं ती आपल्या पायांनी येऊन सांगितली, त्यालाच एक तुकडा. गोळी चुकीच्या वाटीत गेली होती, परत काढली, सांगितलं, बर्फी. म्हातारा पलंगावरून घसरला, कठडा लावायचा राहिला होता, सांगितलं, बर्फी. लपवलं आणि मागून कळलं तर मात्र मॅडमचं दुसरं रूप दिसायचं, ते इथे लिहिण्याजोगं नाही. “चुकन तो माणूस. लपवन तो खुनी,” असं त्या म्हणायच्या. मला ते जरा जास्तच वाटायचं. चुकीला मिठाई वाटायची म्हणजे उद्या पोरी मुद्दाम चुका करतील, असं आम्ही इन्चार्ज आपसात बोलायचो. तसं झालं नाही, पण डबा लवकर रिकामा व्हायला लागला आणि दवाखान्यात किती काय काय घडत असतं ते पहिल्यांदा समजलं.

आणि ‘हाव’चं कारणही याच खोलीत समजलं. मॅडम म्हणायच्या, “आपला पेशंट भला माणूस आहे. डॉक्टर-सिस्टरले नाई म्हणणं त्याले पाप वाटते. तुम्ही म्हणा, बाबाजी, तुम्ही गरोदर आहात नं? तो हाव म्हणन.” म्हणून पेशंटचं नाव आपण सांगायचं नाही, त्याच्या तोंडून काढायचं. हा नियम. त्याचा सराव रोज सुटू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या अख्ख्या आयुष्यातूनच ‘हाव’ हद्दपार केलं होतं.

नियम चांगला होता. फक्त त्यात आमच्याकडच्या बायका धरलेल्या नव्हत्या.

मे महिना होता. वॉर्डाच्या खिडकीत एकच मोठा कूलर, त्याच्या झोतातला पलंग म्हणजे वॉर्डातली राजगादी. त्या पलंगावर कळमेश्वरचे नामदेवराव होते, तिथल्या एमआयडीसीतून रिटायर झालेले. पोटात रक्तस्राव होऊन अंगातलं रक्त कमी झालेलं, डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितलं होतं. शेजारच्या पलंगावर खाप्याचे वामनबाबा. आयुष्य हातमागावर गेलेले, आता अशक्तपणा, ताप आणि कानांनी पूर्ण असहकार. त्यांची म्हातारी दिवसभर पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालत बसलेली असायची.

नामदेवरावांना सोनोग्राफीला न्यायला व्हीलचेअर आली. उठता उठता त्यांना म्हातारीची दया आली. “माय, बाबाजीले घ्या इकडं कूलरपाशी. मी बसतो तिकडं, मले काई फरक पडत नाई,” म्हणाले. वॉर्डबॉय त्यांना घेऊन गेला. इकडे दोन-तीन नातेवाइकांनी मिळून बाबाजींना अलगद उचललं आणि कूलरसमोर ठेवलं. माणुसकीचं काम होतं. आम्हाला सांगावं असं कुणाला वाटलं नाही. उन्हाळ्यात वॉर्डात हे चालतंच.

आणि वॉर्डात माणूस नावानं ओळखला जात नाही, पलंगावरून ओळखला जातो. मनगटावर नावाची पट्टी बांधायची पद्धत तेव्हा आमच्याकडे फक्त तान्ह्या बाळांना होती.

प्रणाली नावाची माझी सिस्टर रक्ताची पिशवी घेऊन कूलरच्या पलंगापाशी गेली. नवी होती, अजून कायम झालेली नव्हती, घरात कमावती ती एकटीच. तिनं मॅडमच्या शिकवणीप्रमाणे अगदी नीट विचारलं, “बाबाजी, तुमचं नाव सांगा.” बाबाजींना ऐकू आलं नाही. मग तिनं म्हातारीला विचारलं, “आजी, यांचं नाव सांगा.” म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

“नाव कसं घेऊ वं बाई? एवढे लोक आहेत.”

रक्त एकदा थंडाव्यातून काढलं की फार वेळ बाहेर ठेवता येत नाही. पलीकडे एका पेशंटचं सलाईन संपलेलं, तो हाका मारतोय. प्रणालीनं म्हातारीची सोय केली. “नामदेवराव नं आजी?”

“हाव,” म्हातारी म्हणाली. बायको काहीतरी हो म्हणाली एवढं पाहून बाबाजींनीही मान हलवली, “हाव, हाव.”

रक्त लावायच्या आधी दुसऱ्या सिस्टरनं पडताळून पाहायचं असतं. मी केसपेपर घेऊन गेले आणि विचारलं, “आजी, गाव कोणतं तुमचं?” हे मी शहाणपणानं विचारलं असं मुळीच नाही. त्याच सकाळी ड्युटी बदलताना मॅडम वॉर्डात येऊन उभ्या होत्या, त्यांच्या धाकानं माझ्या जिभेला दिवसभर ‘कोणतं’ आणि ‘कुठलं’ लागलेलं होतं.

“खापा,” म्हातारी म्हणाली.

केसपेपरवर कळमेश्वर होतं.

प्रणालीच्या हातातली पिशवी अजून जोडलेली नव्हती. तेवढ्यात दारातून नामदेवरावांची व्हीलचेअर आत आली आणि ते आमची तोंडं पाहून म्हणाले, “का झालं सिस्टर?” दोघांचे रक्तगट वेगळे होते. ते रक्त गेलं असतं तर बाबाजी खाप्याला परत गेले नसते.

प्रणाली सामानाच्या खोलीत जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा तिनं मला एकच विचारलं, “सिस्टर, काई झालं तं नाई नं. सांगाच लागते का?” मी म्हटलं, तुझं तू ठरव. ती पायरीवर जरा वेळ बसली आणि मग सरळ ट्रेनिंगच्या खोलीत गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि डबा पुढे केला. प्रणालीला बर्फी गिळवेना. “खाय,” मॅडम म्हणाल्या, “एक जीव वाचायची बर्फी आहे थे.”

बातमी प्रशासक साहेबांपर्यंत पोचली. साहेब वाईट नव्हते. आधी एक कारखाना सांभाळून आलेले. पुर्जा बिघडला की बदलायचा, हे त्यांचं शास्त्र. त्यांनी प्रणालीला कमी करायचं ठरवलं आणि मेमो टाइप करायला सांगितला.

सगळ्या दवाखान्याचं लक्ष त्या मेमोकडे लागलं. प्रणालीची नोकरी जात होती हे तर होतंच. पण सांगणाऱ्याचं वाकडं होणार नाही, हा शब्द मॅडमनी आम्हा सगळ्यांना दिला होता. त्या माझ्याकडे आल्या. एरवीची तिरकी मान सरळ होती. म्हणाल्या, “ही पोरगी गेली तं माह्या डब्याले कोण हात लावन? मंग चुका होतीनच, फक्त मले दिसणार नाई.” मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांना घेऊन माझ्या वॉर्डात आल्या. कसं आणलं देव जाणे. म्हणाल्या, “साहेब, तुम्ही फक्त एक काम करा. या आजीले तिच्या मालकाचं नाव विचारा. बरोबर मिळालं तं मेमो मी माह्या हातानं देते.” आणि एक चिठ्ठी त्यांच्या हाती दिली, पेशंटचं नाव म्हणून.

साहेब वाकून अदबीनं म्हणाले, “आजी, यांचं नाव काय?”

म्हातारी लाजली. पदर तोंडाला. साहेबांनी पुन्हा विचारलं. म्हातारी जमिनीकडे पाहत हसली. साहेबांचा मोबाइल खिशात वाजायला लागला. तो बंद केला तर पुन्हा वाजला. शेवटी त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, “शंकरराव ना आजी?”

“हाव साहेब.”

साहेबांनी विजयी मुद्रेनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम हळूच म्हणाल्या, “वामनराव आहेत थे. चिठ्ठीतलं नाव मी मनानं लिवलं.”

साहेब गडबडले. म्हातारीला म्हणाले, “अहो आजी, मग तुम्ही हो कशाला म्हणालात?”

म्हातारीलाच त्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. “तुम्ही एवढे मोठे साहेब,” ती म्हणाली, “तुमचं चुकलं असं कसं म्हणू मी?”

मॅडमनी साहेबांना काही ऐकवलं नाही. त्या बाबाजींच्या पलंगावर टेकल्या, म्हातारीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “आजी, तसं नका घेऊ. उखाण्यात घ्या नं.”

म्हातारीचे डोळे चमकले. हे तिला जमणारं होतं. पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि मान खाली घालून खणखणीत आवाजात म्हणाली,

“कन्हानच्या पाण्यात सूत घेतलं धुऊन,
वामनरावाचं नाव घेते दवाखान्यात येऊन.”

अख्खा वॉर्ड हसला. टाळ्याही पडल्या. बाबाजींना ऐकू काहीच आलं नाही, पण बायकोचा चेहरा बघून त्यांना काय ते कळलं असावं. एवढ्या आजारपणात ते लाजले.

“आता सांगा साहेब,” मॅडम म्हणाल्या, “मेमो कोणाले देऊ?”

साहेबांनी चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली. खिडकीतल्या एकुलत्या कूलरकडे पाहिलं. मग मला म्हणाले, “सिस्टर, या वॉर्डाला अजून किती कूलर लागतील?”

मेमो निघाला नाही. कूलर आले, मनगटावरच्या पट्ट्या आल्या, आणि आमच्या वॉर्डात एक अजब रिवाज पडला. नाव घ्यायला लाजणारी बाई असली की रक्त लावायच्या आधी उखाणा. दुसऱ्या वॉर्डवाल्या आम्हाला चिडवायच्या, तुमच्याकडे हळदीकुंकू कधी आहे म्हणून. एकदा तर बायकांच्या वॉर्डात बायकोच्या पलंगाशी बसलेल्या एका आजोबांनी न विचारताच तिच्या नावाचा उखाणा घेतला आणि मग स्वतःच इतके लाजले की चहाच्या निमित्तानं बाहेर पळाले.

मॅडम रिटायर झाल्या. निरोपाच्या समारंभात अध्यक्ष म्हणाले, “मॅडमचं काम आपल्याला पुढे न्यायचं आहे, न्यायचं ना?” सगळे एका सुरात ‘हो’ म्हणाले आणि मॅडमनी कपाळाला हात लावला. ट्रेनिंगची खोली प्रणालीकडे आली. जावईबापू, सांबाराचा वास आणि बर्फीचा डबा, सगळं तिला मिळालं.

मागच्या वर्षी मॅडमच्या मिस्टरांना आमच्याकडे ॲडमिट केलं. भास्करराव, आम्ही त्यांना सर म्हणायचो. शांत माणूस, जन्मभर बायकोच्या प्रश्नांना पूर्ण वाक्यात उत्तरं देऊन मवाळ झालेला. मॅडम त्यांना लग्नापासून ‘अरे भास्कर’ अशीच हाक मारायच्या, त्यावरून सासूशी झालेली भांडणं आम्हाला तोंडपाठ होती. आता त्यांना रक्ताची उलटी झाली होती. चेहरा चादरीसारखा पांढरा. मॅडम पायाशी बसल्या होत्या, दोन्ही हातांनी त्यांची पावलं धरून. केस विंचरलेले नव्हते. मी त्यांच्याजवळ उभी होते.

प्रणाली स्वतःच रक्ताची पिशवी घेऊन आली, सोबत शिकायला एक नवी सिस्टर. प्रणालीनं सरांना हाक मारली. ते ग्लानीत होते. मग ती मॅडमकडे वळली.

“मॅडम, यांचं नाव सांगा.”

मॅडमनी पिशवीकडे पाहिलं आणि सरांची पावलं आणखी घट्ट धरली. सगळा दवाखाना ज्यांना ओळखतो त्यांचं नाव विचारायचं म्हणजे काय, असं त्या नव्या पोरीला वाटलं असणार. ती मायेनं म्हणाली, “भास्करराव सरच आहेत नं मॅडम?”

“हाव,” मॅडम म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून उत्तर म्हणून मी तो शब्द कधी ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

प्रणालीनं नळी जोडली नाही. “हाव नाई चालत मॅडम,” ती म्हणाली. “नाव तुम्हीच सांगा. उखाण्यात घेतलं तरी चालन.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. पदरानं नाक पुसलं. मग सरांचं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. वय सांगितलं, गाव सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाल्या, “सुईले लय भेते थो. हळू लावजो वं.”

सर बरे झाले. घरी जायच्या दिवशी मॅडम त्यांना खाली गाडीत बसवून, मला त्यांच्यापाशी थांबवून, परत वर गेल्या. वेळ ट्रेनिंगच्या क्लासची होती. त्या फार वेळ येईनात म्हणून सर म्हणाले, जाऊन पाहा. मी गेले तर मॅडम जावईबापूंच्या उशाशी उभ्या होत्या. समोर त्याच आठवड्यात आलेली नवी बॅच. त्यांतल्या कुणालाही या बाई कोण ते माहीत नव्हतं.

“माह्या हातून चूक झाली थे सांगायले आली,” मॅडम म्हणाल्या. “मी हाव म्हणलं. नाव बरोबर होतं, रक्त बरोबर होतं, तरी बी चूकच. काहून, तं मी काई ऐकलंच नव्हतं. मी भेली होती. तुमच्यासमोर जो बसून राह्यते नं पेशंटपाशी, थो भेलेलाच राह्यते. त्याच्या हाववर जाऊ नका.”

मग त्यांनी प्रणालीसमोर हात पुढे केला. प्रणालीला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिनं डबा उघडला आणि संत्रा बर्फीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. मॅडमनी तो उभ्या उभ्या, सावकाश खाल्ला. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका पोरीला राहवलं नाही.

“चांगली आहे का मॅडम?”

मॅडमची मान तिरकी झाली. चष्मा नाकावर खाली आला.

“कशी आहे, असं विचार वं.”